प्रतींचा मेळ : मोबाइलमधील डेटाबेस आणि सर्व्हर यांच्या सिंकचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

मोबाइल अ‍ॅपची माहिती केवळ सर्व्हरवर ठेवायची की तिची एक प्रत फोनमध्येही ठेवायची, हा निर्णय वरकरणी सोयीपुरता वाटतो. परंतु त्यातून संगणकशास्त्रातील एक जुना आणि अवघड प्रश्न उभा राहतो. फोनमध्ये प्रत असली की नेटवर्क नसतानाही नोंदी वाचता-लिहिता येतात आणि प्रत्येक कृतीसाठी सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. मात्र त्याच क्षणापासून एकाच नोंदीच्या अनेक प्रती स्वतंत्रपणे बदलू लागतात आणि त्यांचा पुन्हा मेळ घालणे, म्हणजेच सिंक करणे, अपरिहार्य होते. ही गरज केवळ सैद्धांतिक नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसारख्या उपक्रमात शेतकऱ्याने शेतात उभे राहून पिकाची नोंद आणि छायाचित्र घ्यायचे असते, आणि मोबाइलचे नेटवर्क प्रत्येक शेतापर्यंत पोहोचलेले असतेच असे नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण गृहीत धरता येईल. एका उपकेंद्रातील आरोग्यसेविका आणि त्याच भागातील आशा कार्यकर्ती यांच्या फोनमध्ये एकच आरोग्यविषयक अ‍ॅप आहे. त्यात बालकाचे वेळोवेळी घेतलेले वजन, आईचा मोबाइल क्रमांक, कुटुंबाचे गाव व तालुका आणि उपकेंद्रातील लसीच्या शिल्लक मात्रा अशा नोंदी आहेत. दोघी नेटवर्कच्या बाहेर असताना या नोंदी बदलतात आणि काही तासांनी दोन्ही फोन सर्व्हरशी जोडले जातात. आता दोन वेगळे प्रश्न निर्माण होतात. पहिला, प्रत्येक बदल न हरवता आणि दोनदा न नोंदला जाता सर्वत्र कसा पोहोचवायचा. आणि दुसरा, एकाच नोंदीत परस्परांना ठाऊक नसलेले दोन बदल झाले असतील, म्हणजे संघर्ष निर्माण झाला असेल, तर काय ग्राह्य धरायचे व ते कोणी ठरवायचे. पहिल्या प्रश्नाची उत्तरे बऱ्याच अंशी स्थिरावली आहेत. क्षेत्रातील खरा मतभेद दुसऱ्या प्रश्नाभोवती आहे.

पूर्वपीठिका

एकमेकांपासून दूर असलेल्या संगणकांमध्ये ‘आधी’ आणि ‘नंतर’ या कल्पनांना काय अर्थ उरतो, याची पायाभूत मांडणी लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये केली. प्रत्यक्ष घड्याळावर विसंबून न राहता, कोणती घटना कोणत्या घटनेची माहिती असताना घडली यावरून क्रम लावता येतो, आणि ज्या दोन घटनांना एकमेकींची माहितीच नव्हती त्या समांतर मानाव्या लागतात, हे त्या मांडणीचे सार आहे. सिंकमधील संघर्ष म्हणजे एकाच नोंदीवर झालेले असे समांतर बदल होत.

प्रत्यक्ष वापरात ही समस्या १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठळक झाली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील कोडा या फाइल-प्रणालीने, संगणक जाळ्यापासून तुटलेला असतानाही काम चालू ठेवून नंतर बदल जुळवून घेण्याची पद्धत विकसित केली. तर १९८९ मध्ये बाजारात आलेल्या लोटस नोट्सने कार्यालयीन दस्तऐवजांच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवून त्या ठरावीक काळाने जुळवण्याची पद्धत रूढ केली. १९९५ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रातील बायू प्रणालीने एक महत्त्वाचे पाऊल टाकले : प्रत्येक बदलासोबत ‘तो कोणत्या परिस्थितीत वैध आहे’ याची तपासणी आणि ‘वैध नसल्यास काय करावे’ याची कृती जोडून पाठवायची. बैठकीची खोली आरक्षित करणाऱ्याने दुसरी वेळही सुचवून ठेवावी, म्हणजे पहिली वेळ आधीच गेलेली असल्यास प्रणालीने दुसरी घ्यावी, असा तो विचार होता.

पुढच्याच वर्षी जिम ग्रे, पॅट हेलंड, पॅट्रिक ओ’नील आणि डेनिस शाशा यांनी प्रतींच्या धोक्यांविषयीचा प्रसिद्ध शोधनिबंध मांडला. कोणीही, कुठेही आणि केव्हाही बदल करू शकेल अशी मुभा दिल्यास, संगणक आणि त्यांच्यावरील कामाचा भार दसपट वाढला तर जुळवाजुळवीचा बोजा हजारपट वाढू शकतो, असा इशारा त्यांनी दिला. त्यांनी सुचवलेला उपाय द्विस्तरीय होता : फिरत्या यंत्रांवरील बदल केवळ तात्पुरते मानावेत आणि केंद्रातील मुख्य प्रतीने ते पुन्हा पडताळून स्वीकारावेत किंवा नाकारावेत. आजच्या अनेक मोबाइल अ‍ॅपची रचना याच कल्पनेचा विस्तार आहे.

यानंतर साधने झपाट्याने सुलभ झाली. डी. रिचर्ड हिप यांचा एसक्यूलाइट हा लहानसा डेटाबेस २००० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि पुढे अँड्रॉइड व आयओएस या दोन्ही प्रणालींचा भाग बनला, त्यामुळे फोनमध्ये पूर्ण क्षमतेचा डेटाबेस असणे गृहीत धरता येऊ लागले. लोटस नोट्सवर काम केलेल्या डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये काउचडीबीची सुरुवात केली व प्रतींची जुळवणी हाच त्या डेटाबेसचा गाभा मानला. २०११ मध्ये मार्क शापिरो, नुनो प्रेगिसा, कार्लोस बाकेरो आणि मारेक झाविर्स्की यांनी सीआरडीटी या, सर्व प्रती शेवटी आपोआप सारख्या होतील अशा डेटा-रचनेच्या, संकल्पनेची औपचारिक मांडणी केली, आणि २०१९ मध्ये इंक अँड स्विच या संशोधनगटाने ‘लोकल-फर्स्ट’ सॉफ्टवेअरचा विचार मांडून, फोनमधील प्रत हीच मूळ प्रत मानावी काय, हा प्रश्न नव्याने चर्चेत आणला.

बदल पोहोचवण्याची यंत्रणा

बदल पोहोचवण्याविषयी आज व्यापक सहमती आहे. वापरकर्त्याने केलेला बदल प्रथम स्थानिक डेटाबेसमध्ये लिहिला जातो आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्रच घडतील किंवा एकही घडणार नाही अशा रीतीने, पाठवायच्या बदलांच्या रांगेतही नोंदवला जातो. या रांगेला आउटबॉक्स म्हणतात. ही दोन लेखने वेगवेगळी केली आणि मध्येच अ‍ॅप बंद पडले, तर नोंद फोनमध्ये दिसत राहते, पण सर्व्हरपर्यंत कधीच जात नाही.

दुसरे तत्त्व पुनरावृत्तीविषयी आहे. फोनने पाठवलेला बदल सर्व्हरने नोंदवला, पण त्याची पोच परत येण्यापूर्वीच नेटवर्क तुटले, तर फोनला तो पुन्हा पाठवण्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे तोच बदल दोनदा आला तरी परिणाम एकदाच व्हावा, म्हणजे ती क्रिया आयडेम्पोटंट असावी, ही अट घातली जाते. त्यासाठी प्रत्येक नव्या नोंदीला आणि प्रत्येक बदलाला फोनवरच एक अद्वितीय ओळखक्रमांक दिला जातो. १२८ बिटांचे यूयूआयडी यासाठी सर्वाधिक वापरले जातात, आणि २०२४ च्या आरएफसी ९५६२ या प्रमाणकाने काळाच्या क्रमाने लावता येणारा त्यांचा सातवा प्रकारही अधिकृत केला.

सर्व्हरकडून नवे बदल घेताना फोन ‘मागच्या वेळेनंतर काय बदलले’ असे विचारतो आणि त्यासाठी कर्सर, म्हणजे कुठपर्यंत वाचून झाले याची खूण, जपून ठेवतो. ही खूण तारीख-वेळेची असावी की चढत्या क्रमांकाची, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी त्यात एक सूक्ष्म धोका आहे. सर्व्हरवर एका व्यवहाराला, म्हणजे ट्रान्झॅक्शनला, १०१ आणि दुसऱ्याला १०२ हा क्रमांक मिळाला, पण १०२ आधी पूर्ण झाला आणि नेमक्या त्या वेळी फोनने बदल मागितले, तर फोन आपली खूण १०२ वर नेतो आणि मागाहून पूर्ण झालेला १०१ त्याला कधीच मिळत नाही. म्हणून क्रमांक व्यवहार पूर्ण होण्याच्या क्रमाने द्यावा लागतो किंवा अपूर्ण व्यवहारांच्या पलीकडचे बदल रोखून धरावे लागतात.

नोंद हटवण्याची क्रियाही अशीच काळजी मागते. सर्व्हरवरून नोंद निव्वळ पुसून टाकली, तर ती हटवली गेल्याचे इतर फोनना कळण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून नोंदीच्या जागी टूमस्टोन, म्हणजे हटवल्याची खूण, ठेवली जाते. या खुणा किती काळ जपायच्या हे ठरवावे लागते, कारण त्या काढून टाकल्यानंतर एखादा दीर्घकाळ बंद असलेला फोन जोडला गेला, तर हटवलेल्या नोंदी पुन्हा जिवंत होऊ शकतात. अशा फोनला आपली प्रत टाकून देऊन सर्व माहिती नव्याने घ्यायला लावणे हा रूढ उपाय आहे. मात्र त्याच्या आउटबॉक्समधील न पाठवलेले बदल त्यापूर्वी सुरक्षित करावे लागतात.

संघर्षाचा निर्णय : चार भूमिका

पहिली भूमिका सर्व्हरला प्रमाण मानते. फोनवरील बदल हा प्रस्ताव असतो. सर्व्हर त्याची पडताळणी करतो, सर्व बदलांचा एकच क्रम लावतो आणि फोन त्या क्रमानुसार आपली प्रत दुरुस्त करून घेतो. या पद्धतीत परवानग्या, नियम आणि हिशेब एकाच ठिकाणी तपासता येतात, हे तिचे मोठे बळ आहे. फिग्मा या आरेखनाच्या साधनाने २०१९ मध्ये आपली रचना जाहीरपणे समजावून सांगितली, तेव्हा सीआरडीटीपासून प्रेरणा घेऊनही अंतिम क्रम सर्व्हरकडे ठेवल्याने बरीच गुंतागुंत टळते, असेच कारण दिले होते. उलट बाजूने असे म्हटले जाते की, वापरकर्त्याला ‘जतन झाले’ असे दिसलेला बदल काही तासांनी नाकारला जाऊ शकतो आणि तो नकार समजावून सांगण्याची जबाबदारी अ‍ॅपवर येते. शिवाय सर्व्हर उपलब्ध नसताना प्रत्येक निर्णय तात्पुरताच राहतो.

दुसरी भूमिका काळाच्या क्रमाला प्रमाण मानते : दोन बदलांपैकी जो नंतरचा, तो ग्राह्य. समजायला आणि उभारायला ही पद्धत सर्वांत सोपी आहे, आणि आईचा मोबाइल क्रमांक यांसारख्या नोंदींत ती बहुतेक वेळा योग्य उत्तरही देते. तिच्यावरील आक्षेप दोन आहेत. फोनचे घड्याळ वापरकर्ता बदलू शकतो, त्यामुळे पुढे असलेल्या घड्याळाचा फोन प्रत्येक संघर्ष जिंकतो. २०१४ मध्ये मांडलेल्या संकरित तार्किक घड्याळांनी प्रत्यक्ष वेळ आणि लॅम्पोर्ट यांचा क्रम एकत्र आणून कार्यकारण-क्रम तरी बिघडू दिला नाही, पण समांतर बदलांमधील निवड यादृच्छिकच राहते. दुसरा आक्षेप असा की, हरलेला बदल कोणालाही न कळता नाहीसा होतो. हे नुकसान कमी करण्यासाठी संपूर्ण नोंदीऐवजी प्रत्येक रकान्याची तुलना केली जाते. परंतु एकीने गाव बदलले आणि दुसरीने तालुका बदलला, तर दोन्ही बदल स्वीकारून तयार झालेला पत्ता दोघींपैकी एकीनेही लिहिलेला नसतो आणि तसे गाव त्या तालुक्यात अस्तित्वातही नसू शकते. जे रकाने अर्थाने एकत्र बांधलेले आहेत, ते एकच घटक म्हणून हाताळावेत, हा त्यातून निघालेला व्यवहारातील नियम आहे.

तिसरी भूमिका निर्णय डेटाच्या रचनेतच बसवते. सीआरडीटी ही अशी रचना असते की, बदल कोणत्याही क्रमाने पोहोचले, कसेही गटागटाने एकत्र केले गेले किंवा पुन्हा पुन्हा आले, तरी सर्व प्रती शेवटी सारख्याच होतात आणि त्यासाठी कोणत्याही केंद्राची परवानगी लागत नाही. वजनाच्या नोंदींसारखा केवळ वाढत जाणारा संच हे तिचे सर्वांत सोपे रूप आहे : दोघींनी घेतलेली वजने दोन स्वतंत्र नोंदी म्हणून टिकतात आणि संघर्ष मुळात उद्भवतच नाही. मजकुराच्या सहलेखनासाठी अधिक गुंतागुंतीच्या रचना लागतात. तेथे १९८९ मध्ये एलिस आणि गिब्स यांनी मांडलेली ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन ही पद्धत, जिच्यात एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलानुसार रूपांतरित केला जातो, अधिक जुनी आहे, तर वायजेएस आणि ऑटोमर्ज ही सीआरडीटीवर आधारलेली साधने गेल्या दशकात पुढे आली. या भूमिकेच्या मर्यादा तिचे पुरस्कर्तेही मान्य करतात. प्रत्येक बदलासोबत जादा माहिती व इतिहास वाहावा लागतो. आणि सर्व प्रती सारख्या होणे म्हणजे त्या बरोबर होणे नव्हे. दोन लेखकांनी एकाच जागी लिहिलेली वाक्ये काही पद्धतींत अक्षरागणिक एकमेकांत मिसळू शकतात, हा दोष संशोधकांनीच दाखवून दिला आहे.

चौथी भूमिका निर्णय त्या कामाच्या नियमांकडे किंवा माणसाकडे सोपवते. बायूची कल्पना याच प्रवाहातली आहे. काउचडीबी संघर्षाच्या वेळी सर्व प्रतींवर एकाच ठरावीक नियमाने एक आवृत्ती पुढे ठेवतो, परंतु हरलेल्या आवृत्त्याही जपून ठेवतो, जेणेकरून अ‍ॅपला किंवा वापरकर्त्याला नंतर त्या पाहून निवड करता यावी. माहिती गुपचूप नाहीशी होत नाही हे या पद्धतीचे बळ आहे. मात्र जपलेल्या आवृत्त्या कोणी उघडून पाहिल्याच नाहीत, तर तो लाभ कागदावरच राहतो, आणि घाईत असलेल्या क्षेत्रीय कार्यकर्तीसमोर दोन नोंदींतील निवडीचा फलक ठेवणे हा प्रत्येक वेळी उचित मार्ग ठरत नाही.

जेथे कोणतीच जुळवणी पुरत नाही

वरील चारही भूमिकांना अडवणारा एक वर्ग आहे, तो म्हणजे मर्यादा पाळाव्या लागणाऱ्या नोंदींचा. उपकेंद्रात लसीच्या पाच मात्रा शिल्लक असताना एका फोनवर तीन आणि दुसऱ्यावर तीन दिल्याची नोंद झाली, तर वजाबाकी कितीही अचूक जुळवली तरी शिल्लक उणे एक येते. तेथे एक तर नोंद चुकलेली असते, नाही तर शिल्लक आधीच चुकलेली असते. प्रत्यक्षात दिलेली मात्रा सर्व्हरच्या नकाराने परत घेता येत नाही. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेल्या आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेल्या सीएपी सिद्धांताचा येथे थेट संबंध येतो : जाळे तुटलेले असताना सर्वत्र एकच सुसंगत उत्तर देणे आणि प्रत्येक ठिकाणी काम चालू ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येत नाहीत.

अशा नोंदींसाठी तीन मार्ग चर्चेत आहेत. पहिला, ती कृती नेटवर्क असतानाच करू देणे. दुसरा, उपलब्ध साठा आधीच वाटून देणे, म्हणजे एका फोनला तीन आणि दुसऱ्याला दोन मात्रांचा अधिकार देणे, ज्यायोगे प्रत्येकीला आपल्या वाट्यापुरता स्वतंत्र निर्णय घेता येतो. या कल्पनेचे मूळ पॅट्रिक ओ’नील यांच्या १९८६ मधील एस्क्रो पद्धतीत आहे. तिसरा, उल्लंघन होऊ देऊन नंतर ते भरून काढण्याची कृती ठरवणे. आरक्षणासारख्या व्यवहारांत तिसरा मार्ग चालतो. औषधसाठ्यासारख्या ठिकाणी तो किती चालेल हे त्या कामाची जाण असलेल्यांनीच सांगायला हवे.

अनिर्णित मुद्दे

पहिला अनिर्णित मुद्दा अंशतः प्रत ठेवण्याचा आहे. फोनमध्ये संपूर्ण डेटाबेस मावत नाही आणि बहुधा तो तेथे असूही नये. म्हणून प्रत्येकाला त्याच्या कार्यक्षेत्रापुरतीच माहिती द्यावी लागते. परंतु एखाद्या कार्यकर्तीची बदली झाली, तर तिच्या फोनमधील जुन्या नोंदी केव्हा काढायच्या, आणि अधिकार संपल्यानंतर पण ते कळण्यापूर्वी तिने नेटवर्कबाहेर केलेले बदल स्वीकारायचे की नाहीत, याला सर्वमान्य उत्तर नाही.

दुसरा मुद्दा पुसून टाकण्याचा आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे, तर इतिहास जपणाऱ्या सिंक-पद्धतींचे गणितच जुन्या बदलांवर उभे असते. याला लागूनच एन्क्रिप्शनचा प्रश्न येतो : माहिती सर्व्हरलाही वाचता येऊ नये अशी व्यवस्था केली, तर सर्व्हर पंच म्हणून काम करू शकत नाही आणि पहिली भूमिका बरीच दुबळी होते.

तिसरा मुद्दा बदलत्या स्कीमाचा, म्हणजे माहितीच्या आराखड्याचा आहे. सर्व फोनवरील अ‍ॅप एकाच दिवशी अद्ययावत होत नाही, त्यामुळे जुन्या आवृत्तीला ठाऊक नसलेला रकाना तिने परत पाठवताना गाळून टाकण्याचा धोका असतो. आराखड्यांमध्ये दोन्ही दिशांनी भाषांतर करणारी केंब्रियासारखी संशोधने २०२० पासून समोर आली असली, तरी रोजच्या व्यवहारात जुने रकाने न काढता केवळ नवे जोडत जाणे हाच सावध मार्ग अवलंबला जातो.

चौथा मुद्दा तपासणीचा आहे. सिंकमधील दोष घटनांच्या दुर्मीळ क्रमांतून उद्भवतात आणि नेहमीच्या चाचण्यांतून निसटतात. रेल्म डेटाबेसमधील यादी जुळवण्याचे नियम मोंगोडीबीच्या अभियंत्यांनी टीएलए प्लस या औपचारिक भाषेत मांडून तपासले, तेव्हा कधीच न संपणाऱ्या क्रियेचा एक दोष उघड झाला आणि त्या मांडणीतून चार हजारांहून अधिक चाचण्या तयार करता आल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला हा अनुभव आशादायक आहे, पण एवढी साधने लहान संस्थांच्या आवाक्यात अजून आलेली नाहीत.

पाचवा मुद्दा टिकाऊपणाचा आहे. तयार सेवा घेतल्याने बरेच श्रम वाचतात, मात्र त्या सेवेचे आयुष्य अ‍ॅपच्या आयुष्याइतके असेलच असे नाही. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेली पार्स ही सेवा जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. मोंगोडीबीने २०१९ मध्ये घेतलेल्या रेल्मवर आधारित डिव्हाइस सिंक ही सेवा बंद करण्याची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली आणि तिला एका वर्षाची मुदत मिळाली. पार्सचा सर्व्हर मुक्त स्रोत म्हणून उपलब्ध करून दिला गेल्याने अनेक अ‍ॅप तगली, आणि म्हणूनच सिंकची भाषा खुली असावी, कोणत्याही एका कंपनीच्या सर्व्हरशी बांधलेली नसावी, हा आग्रह आता अधिक गांभीर्याने घेतला जातो.

समारोप

या आढाव्यातून एक चित्र स्पष्ट होते. बदल सुरक्षितपणे पोहोचवण्याची तंत्रे परिपक्व झाली आहेत आणि ती डावलण्याचे समर्थन आता करता येत नाही. संघर्षाच्या निर्णयाबाबत मात्र चारही भूमिका टिकून आहेत, कारण त्यांपैकी प्रत्येक भूमिका विशिष्ट प्रकारच्या नोंदीसाठी योग्य आहे : वजनाच्या नोंदी साठत गेल्या तर संघर्षच उरत नाही, मोबाइल क्रमांकाला शेवटचा बदल पुरतो, पत्त्याला एकत्रित घटक म्हणून पडताळणी लागते आणि लसीच्या साठ्याला आधीच केलेली वाटणी किंवा थेट संपर्क लागतो. एकाच अ‍ॅपमध्ये या सर्व नोंदी शेजारी शेजारी असल्याने, संपूर्ण डेटाबेससाठी एकच नियम निवडण्याची प्रथा पुनर्विचारास पात्र ठरते. कोणत्या नोंदीत काय हरवले तर चालेल आणि काय हरवता कामा नये, हे ठरवण्याचे ज्ञान अभियंत्यांपेक्षा ते काम करणाऱ्या माणसांकडे अधिक असते. म्हणून साधनाची निवड करण्यापूर्वी त्यांच्यासह प्रत्येक रकान्याचा नियम लिहून काढणे, आणि जो बदल अद्याप सर्व्हरपर्यंत पोहोचलेला नाही तो तसा असल्याचे पडद्यावर स्पष्ट दाखवणे, या दोन गोष्टी कोणत्याही भूमिकेचा स्वीकार केला तरी आवश्यकच राहतात.